धोंडिरामचा चेहरा

गोष्ट एवढीशीच झाली. मंगळवारी दुपारी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात मिथुन डबा खात होता, एका हातात चपाती, दुसऱ्या हातात फोन. फोन फोटोंनी गच्च भरला होता म्हणून तो नको ते उडवत बसला होता. फोनला एक खोड असते. एकेका माणसाचा चेहरा ओळखून त्याचे सगळे फोटो तो एका गोल खिडकीखाली गोळा करून ठेवतो. शीतलची खिडकी, पप्पांची, मम्मीची, आणि एक त्याची स्वतःची. स्वतःची उघडली तर सगळ्यात वर, परवाच्या तारखेला, फेटा बांधलेला आणि काळा कोट घातलेला मिथुन बसला होता. मिथुनने आयुष्यात कधी फेटा बांधला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. दोन सेकंद त्याला कळलंच नाही. मग कळलं, आणि घास तोंडात तसाच राहिला. तो त्याच्या आजोबांचा फोटो होता. रविवारी त्याने घरातल्या भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढला होता, कारण येत्या नोव्हेंबरात आजोबांना जाऊन पन्नास वर्षं होत होती आणि कार्यक्रमाची पत्रिका बनवायचं काम त्याच्याकडे होतं. फोनने तो चेहरा बघितला आणि कोणाला न विचारता मिथुनमध्ये टाकून दिला.

“अबे, हा कधीचा लुक?” बाजूला बसलेला केतन वाकून बघत म्हणाला. केतन म्हणजे ऑफिसातला त्याचा एकुलता एक दोस्त, पाच वर्षं शेजारच्या खुर्चीत. “वेबसिरीज करतोयस काय भावा? झकास दिसतोयस. एकदम पाटील.”

“आजोबा आहेत माझे.”

“काय सांगतोस! कॉपी-पेस्ट आहेस यार तू. किती वर्षांचे आहेत?”

“तेहेतीस.”

“आत्ता किती, ते विचारतोय.”

“आत्ता पण तेहेतीसच. तेव्हाच गेले.”

केतनने आपल्या डब्यातली लोणच्याची फोड त्याच्या चपातीवर ठेवली. “सॉरी यार. खा.” आणि मग, केतनच तो, राहवलं नाही म्हणून, “कशाने रे?”

“हार्ट.”

पुढचा प्रश्न केतनने विचारला नाही. मिथुनला फेब्रुवारीत किती पूर्ण झाली ते त्याला माहीत होतं. केक त्यानेच आणला होता.

त्या दुपारपासून मिथुनच्या छातीत डाव्या बाजूला कोणीतरी राहायला आलं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, दुखण्याला जागा असते, गोळी असते. हे नुसतं होतं. कोणी दाराआड उभं असावं आणि आपल्याला माहीत असावं, तसं. संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यावर तो मधेच थांबला आणि मनगटावरच्या घड्याळात ठोके बघितले. एकशे चार. जिना चढतोय म्हणून, त्याने स्वतःला सांगितलं. मग उभा आहे म्हणून खाली यायला पाहिजेत. एकशे सात. मेट्रोत बसायला मिळालं तर एकशे अकरा. हायवे खालून पळत होता, काचेत त्याचं तोंड उमटलं होतं, त्याच्या डोक्यावर समोरच्या टॉवरचे दिवे जात होते, आणि त्याला असं झालं की आता ह्या काचेत डोक्याला फेटा दिसायला काही वेळ लागणार नाही. त्याने मान फिरवली. आपण वेडे झालोय हे त्याला कळत होतं, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. कारण हे कोणाला सांगायची सोय नव्हती. मिथुन ज्या घरात वाढला ते घर असल्या गोष्टींचं नव्हतं. बोरीवली पूर्वेची सोसायटी, तिसरा मजला, हॉलमध्ये बुद्धांची तसबीर, तिच्या शेजारी बाबासाहेबांची, आणि त्यांच्या खाली हातभर अंतर सोडून धोंडिराम, पप्पांचे वडील. बावीस प्रतिज्ञा मिथुनला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या शेजाऱ्यांना पप्पा तोंडावर हसायचे. “आत्मा नाही, नशीब नाही, भूत तर नाहीच नाही,” पप्पा म्हणायचे, “माणूस मेला की संपला. मागे राहतं ते त्याने केलेलं काम.” अशा बापाला कसं सांगायचं की पप्पा, मला तुमचा बाप माझ्या आत बसलाय असं वाटतंय.

तसं हे एका मंगळवारचं नव्हतं. लहानपणापासून घरात आलेला प्रत्येक माणूस आधी भिंतीकडे बघायचा, मग मिथुनकडे, आणि म्हणायचा, दिट्टो आजा हं. मम्मी कौतुकाने सांगायची, नाक बघा, भुवया बघा. लग्नानंतर पहिल्यांदा घरात आली तेव्हा शीतलसुद्धा म्हणाली होती, “अय्या, मी म्हातारी होईन तेव्हा तू असा दिसशील काय?” आणि मग तिलाच कळलं की फोटोतला माणूस म्हातारा नाहीये. फोटोतला माणूस जिथे होता तिथेच होता. मिथुन त्याच्याकडे चालत येत होता. सातव्या वर्षी तो खूप लांब होता, एक मोठा माणूस. विसाव्या वर्षी मोठा भाऊ. तिसाव्या वर्षी मिथुनने दाढी करताना आरशात बघितलं आणि ब्रश धुवायचा विसरून उभा राहिला. ह्या फेब्रुवारीत तेहेतिसावं पूर्ण झालं आणि दोघं समोरासमोर आले. फोटोत धोंडिराम जरा वर बघत होता, फोटो काढणाऱ्याच्या डोक्यावरून, जसं मागून कोणी येतंय आणि ते फक्त ह्यालाच दिसतंय.

शीतलला तो सांगायचा, “पुढच्या वर्षी बघू.” हे मुलाबद्दल होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, शीतल एकतिसाची होती, स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची, आणि दिवसातून पन्नास वेळा “आता बरं दिसतंय की आधी?” असं विचारून विचारून तिला उडवाउडवीची उत्तरं लगेच ओळखू यायची. “पुढच्या वर्षी असं काय आहे?” ती विचारायची. मिथुन म्हणायचा, अप्रेझल आहे, घराचं बघायचंय, असं काहीतरी. खरं हे होतं की पुढच्या फेब्रुवारीत चौतिसावं पूर्ण होणार होतं. एकदा धोंडिरामच्या पुढे गेलो की मग काय व्हायचं ते होऊ दे. बापाशिवाय वाढलेलं पोर कसं असतं ते त्याने घरातच बघितलं होतं. पप्पा नऊ वर्षांचे होते तेव्हा धोंडिराम गेला, आणि पप्पा अजूनही कोणी दारात उशिरा पोचलं की खोकल्यासारखं काहीतरी करायचे, तो खोकला नव्हता. एक पोर आणायचं आणि त्याच्यासाठी भिंतीवर एक फ्रेम ठेवून निघून जायचं, हे मिथुनला नको होतं. पण हे बायकोला सांगायचं म्हणजे मोठ्याने बोलायचं, आणि मोठ्याने बोललं की ते खरं होऊन बसतं, असं त्याच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या डोक्यातला कुठला तरी जुना, अंधारा कोपरा त्याला सांगत होता.

धोंडिरामचं आयुष्य त्याला पप्पांकडून मिळालं होतं, रविवारी मटणाच्या वासात, थोडं थोडं. बहात्तरचा दुष्काळ, जालन्याकडचं गाव, विहिरी कोरड्या. रोजगाराच्या कामावर धोंडिराम आणि त्याची बायको खडी फोडायचे. मग कोणी चुलतभाऊ म्हणाला, मुंबईला ये, आरे कॉलनीत गवत कापायचं काम आहे. म्हशींसाठी तिथे गवताची शेतंच्या शेतं होती, शेणाचं पाणी सोडून वाढवलेलं, कंबरेएवढं. धोंडिराम बायको आणि दोन पोरं घेऊन आला आणि तीन वर्षं तेच गवत कापत राहिला. पप्पांच्या तोंडून ऐकलेला धोंडिराम म्हणजे साडेपाच फुटांच्या वरचा, आवाज असा की चौदा एप्रिलला माइक लागायचा नाही. लिहिता वाचता येत नव्हतं पण पेपर विकत घ्यायचा आणि कोणालातरी पकडून वाचून घ्यायचा. तिसाव्या वर्षी आरेच्या उतारावर सायकल शिकला, गुडघे फोडून घेतले, आणि मग दोन्ही पोरांना दांडीवर आणि मागे घेऊन पार पवईपर्यंत गेला. मग नोव्हेंबरात एके दिवशी दुपारी गवताचा भारा उतरवून ठेवला, झाडाला टेकून बसला, आणि उठलाच नाही. छातीत कळ आली. एवढंच. मिथुनने ती कळ हजार वेळा कल्पून बघितली होती. ती कुठून सुरू होते, हातात उतरते का जबड्यात चढते, आणि त्या शेवटच्या क्षणी माणसाला कळतं का, की आपली पोरं कुठे आहेत. फोटोतला तो कोट घातलेला, वर बघणारा माणूस त्या झाडाखाली बसायचा आणि मग हळूहळू मिथुन बसायचा, कारण चेहरा एकच होता, बदलायला काही लागत नव्हतं.

शुक्रवारी वर्क फ्रॉम होम होतं. दुपारी त्याने पत्रिका करायला घेतली, कारण पप्पा तीनदा म्हणाले होते. मोबाइलवर पत्रिका बनवायचं एक ॲप असतं, त्यात फोटो टाकला की बाकी सगळं तयार मिळतं, कडेला कमळं, खाली मेणबत्ती, वर गोल्डन अक्षरं. त्याने ‘कालकथित धोंडिराम’ लिहिलं, तारीख लिहिली, पुण्यानुमोदन कार्यक्रम असं लिहिलं, बोरीवलीचा पत्ता टाकला. फोटो टाकताना तो त्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, अंगठा मधे धरत होता. ॲपने आपणहून फोटोला झेंडूचा हार घातला. काढून टाकायचा तर वेगळं बटण शोधावं लागलं असतं. बरं दिसतंय, त्याने विचार केला, पन्नास वर्षं झाली, एकदा तरी हार पडू दे. कारण घरात एक रीत होती, तिचं कारण कोणी कधी विचारलं नव्हतं. धोंडिरामच्या फोटोला हार घालत नसत. दरवर्षी खाली ताटलीत फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची, पण फ्रेमला हार नाही. आजी होती तोवर तिचा तसा दंडक होता, आणि आजी गेल्यावर तो सवयीने राहिला. कोणी पाहुणा हार घेऊन आला तर मम्मी तो हातातून घेऊन बुद्धांच्या तसबिरीला घालायची. आमच्यात नाही घालत, म्हणायची, आणि माणसं मान हलवायची. मिथुनने पत्रिका घरच्या ग्रुपवर टाकली आणि पाणी प्यायला उठला. दोन घोट घेतले असतील नसतील, फोन वाजला. जया आत्या, पप्पांची मोठी बहीण, घाटकोपरला राहणारी. ही बाई मेसेजला अंगठा दाखवायलासुद्धा दोन दिवस घ्यायची.

“मिथुन, कोणी घातला तो हार?”

“कोणता?”

“फोटोला! आधी काढ. ग्रुपवरून काढ, सगळ्यांच्या फोनमधून जाईल असं काढ. येतं ना तुला?”

“हो, येतं. पण झालं काय आत्या?”

“काढलास का?”

“काढतोय.”

“बोलत बोलत नको काढू, आधी काढ!”

आत्याचा आवाज फाटला होता. ही बाई नवरा गेला तेव्हा रडली नव्हती, चहा करत होती लोकांना. मिथुनने पत्रिका डिलीट केली, घाईत दोनदा चुकला. “काढली,” तो म्हणाला. मग आत्या म्हणाली, “तुझा बाप कुठाय?”

“ड्यूटीवर. पोस्टात. का?”

“बरा आहे ना?”

“पप्पांचं काय इथे?”

“काही नाही. पुन्हा घालू नकोस. ठेवते.”

मिथुन हॉलमध्ये उभा राहिला. पप्पा बरे आहेत का असं तिने का विचारलं? हार पडला आजोबांना, घाबरायचं तर त्याने, ज्याचा चेहरा तोच आहे त्याने. की आत्यालाही काही माहीत आहे? घरात सगळ्यांनाच माहीत आहे आणि फक्त त्याच्यापासून लपवलंय? घड्याळ एकशे अठरा दाखवत होतं. मग त्याने घड्याळ काढून फ्रीजवर ठेवलं, शनिवारची वाटही बघितली नाही, लॅपटॉप तसाच उघडा टाकला आणि रिक्षा, मेट्रो, पुन्हा मेट्रो असं करत घाटकोपरला गेला. वाटेत त्याला सारखं वाटत होतं की आपण डॉक्टरकडे रिपोर्ट आणायला निघालोय.

आत्या दारातच मेथी निवडत बसली होती. त्याला बघून तिला नवल वाटलं नाही. “बस,” म्हणाली, आणि अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवली. “कोवळी पानं घे, देठ नको.” मिथुन मेथी निवडायला लागला. हाताला काम मिळालं तसं तोंड उघडलं. आत्या, मला झोप लागत नाही, तो म्हणाला. मला वाटतं मी पण जाणार. आजोबांसारखा. तोच चेहरा, तेच वय, हार्ट पण तेच असेल. आणि आज तू अशी ओरडलीस.

आत्याने मेथी खाली ठेवली. “आणि मी समजत होते तू हुशार आहेस,” ती म्हणाली. “तो चेहरा माझ्या बापाचा नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाहीये. माझा बाप एवढासा होता, माझ्याएवढा. दात पुढे. हसला की आई म्हणायची तोंड मीट, माशी जाईल. आणि हा डावा कान,” तिने स्वतःच्या कानाची पाळी धरली, “हा फाटका. लहानपणी कानात बाळी होती, वासराने ओढली. तो कान धरून झोपायचे मी. त्या फोटोत दोन्ही कान धड आहेत की नाही? बघितलेस कधी?”

“मग फोटो कोणाचा आहे?”

“तुझ्या बापाचा. माणिकचा. माझ्या बापाचा एकही फोटो नव्हता. कुठून असणार? गवत कापणाऱ्याचा फोटो कोण काढतं? तेव्हा असे फोटोवाले असायचे, मेलेल्या माणसाचा फोटो बनवून द्यायचे. घरातलं कोणीतरी बसवायचं, भाऊ नाहीतर मुलगा, आणि वर मिशा आणि फेटा रंगवायचा. माणिक बसला. चष्मा काढून. आईला आणून दाखवला, म्हणाला, गावाकडे सापडला, मोठा करून आणलाय. आई बघत राहिली. तिला आपलं पोर ओळखू येणार नाही? पण म्हणाली, हो रे, असाच होता. माणिक खाली गेल्यावर मला म्हणाली, जया, राहू दे, त्याला बाप पाहिजे. पण माझ्या जित्या पोराच्या गळ्यात मी हार घालायची नाही, आणि कोणाला घालू पण देणार नाही. मरताना माझ्याकडून शब्द घेतला तिने.” आत्या जरा हसली. “बुद्धवंदना म्हणणारी बाई. पण पोराचं आलं की सगळी माणसं तशीच.”

मिथुनच्या हातात एक देठ होता, तो त्याने पानांत टाकला. म्हणजे तो पप्पांसारखा दिसत होता. जगात कोणताही मुलगा बापासारखा दिसतो तसा. इतकी वर्षं तो ज्याला घाबरला होता तो पप्पा होते, आणि पप्पा ह्या क्षणी बोरीवलीच्या पोस्टात रजिस्टर पार्सलवर शिक्के मारत बसले होते, एकोणसाठ वर्षांचे, पोट सुटलेले, डोक्याला टक्कल, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. त्याला हसायला यायला पाहिजे होतं. “पण हार्ट तर होतंच ना?” त्याने विचारलं, आणि विचारताना त्याला स्वतःच्या आवाजात एक चमत्कारिक घाई ऐकू आली, जसं काही हातातून सुटत होतं आणि तो ते पकडू बघत होता.

आत्याने निवडलेली मेथी टोपल्यात टाकली. “मी तिथे होते,” ती म्हणाली. “बारा वर्षांची. भाकरी घेऊन मीच जायचे. तो झाडाला टेकलेला होता, मला वाटलं झोपलाय. दोन दिवस आधीपासून त्याला बरं नव्हतं. पोट म्हणायचा, पाय म्हणायचा, ताप होता का नव्हता कोणी बघितलं नाही. गवतात साप असायचे, पाय पण कोणी बघितला नाही. लोक जमले, आई आली. मग डॉक्टर आला, मराठी न येणारा कोणी होता. त्याने हाताने विचारलं, काय होत होतं? आणि आई छाती बडवत होती. नवरा मेला म्हणून बडवत होती. त्याने बघितलं, मान हलवली, कागदावर हार्ट लिहिलं. संपलं. पुढे आम्ही पण तेच सांगायला लागलो. काहीतरी सांगावं लागतंच की माणसाला.” मग तिने मेथीचं टोपलं उचललं. “वय पण तसंच. तेहेतीस कोणी मोजलं? कामावर घेताना मुकादमाने तोंड बघून तीस लिहिलं होतं. आईचा हिशोब वेगळा, काकाचा वेगळा. जेवून जा आता.”

तो जेवला नाही. परतीच्या वाटेवर तो हलका व्हायची वाट बघत होता. चेहरा गेला होता. कळ गेली होती. तेहेतीससुद्धा गेलं होतं, सत्तावीस असेल नाहीतर चाळीस. एकेक करून सगळा पुरावा आत्याने देठासारखा मोडून बाजूला टाकला होता. मग छातीतलं ते जायला पाहिजे होतं की नाही? ते गेलं नव्हतं. उलट आता त्याला भिंती राहिल्या नव्हत्या. आधी निदान फेब्रुवारी होती. आधी कुठे बघून घाबरायचं ते माहीत होतं, एक फ्रेम होती, दोन खिळ्यांवर टांगलेली. आता एक बुटका, दात पुढे असलेला, फाटक्या कानाचा अनोळखी माणूस कुठल्या तरी वयात कशाने तरी मेला होता, आणि मिथुनला त्याचं तोंडसुद्धा माहीत नव्हतं. पन्नास वर्षं तो माणूस त्यांच्या घरी आलाच नव्हता. त्याच्या नावाने मेणबत्त्या लावल्या, खीर केली, आणि तो बाहेरच. मिथुनला प्रथमच त्याचं वाईट वाटलं, स्वतःला बाजूला ठेवून वाईट वाटलं, आणि लगेच पुन्हा भीती वाटली.

पप्पा सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर बसले होते, पोस्टातून येऊन वर न जाता. आत्याने फोन केला होता हे उघड होतं. मिथुन शेजारी बसला. समोर पोरं बॅडमिंटन खेळत होती, जाळं नव्हतं, चपलांची रेघ होती.

“आत्याला तोंड आवरत नाही,” पप्पा म्हणाले.

“तुम्ही का केलंत पप्पा?”

“काय का केलं? बापाचा फोटो नव्हता. सगळ्यांच्या घरी होता.”

“नव्व्याण्णव साली आणलात. मला आठवतंय, पेपरात गुंडाळलेला. मी सात वर्षांचा होतो. त्याच्या आधी इतकी वर्षं नाही वाटलं, तेव्हाच का?”

पप्पांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, आणि पुन्हा घातला नाही. तसा चष्मा नसलेला चेहरा मिथुनने कधी इतक्या जवळून बघितला नव्हता. “मला तेव्हा तेहेतीस चालू होतं,” पप्पा म्हणाले. ते पोरांकडे बघत होते. “तुला सांगतो, ते वर्ष मी काही झोपलो नाही. डाव्या कुशीवर वळायचो नाही. पोस्टात जिना चढताना माणसं मोजायचो, मागे कोणी आहे का, पडलो तर धरायला. मग एक दिवस वाटलं, माझ्या बापाचा फोटो नाही, आणि मी गेलो तर माझा तरी कुठे आहे? लग्नातले दोन, तेही हललेले. तुला काय राहणार? म्हणून जाऊन बसलो. म्हटलं, राहिलो तर बापाचा होईल. गेलो तर माझा होईल.”

“आणि मम्मीला?”

“कोणाला नाही सांगितलं. काय सांगणार? घरात बाबासाहेब, आणि मी घाबरतोय मेलेल्या बापाला?” त्यांनी चष्मा हातात फिरवला. “आईने हार घालू दिला नाही तेव्हा मला कळलं की तिला कळलंय. पण ती पण बोलली नाही. मला वाटायचं, चला, मी राहिलो, संपलं ते. तुझ्यापर्यंत आलं असेल असं वाटलंच नाही रे मला.” आणि मग त्यांनी ते खोकल्यासारखं केलं, जे खोकला नव्हतं. “आता माणसं तुला म्हणतात ना, दिट्टो आजा, तेव्हा मी आतल्या खोलीत जातो.”

“आता जातं का ते?” मिथुनने विचारलं. “एकोणसाठ झालं. गेलं का?”

पप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, बाप देतो तसं उत्तर, हे मिथुनला दिसलं. मग ते बाकावरून उठले. “चल वर,” ते म्हणाले, “शीतल आली असेल.”

शीतल किचनमध्ये होती, दुकानाच्या कपड्यांतच, कांदे चिरत. पप्पा आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. “लॅपटॉप उघडा टाकून कुठे गेला होतास?” शीतल म्हणाली. “तुझा बॉस मेसेजवर मेसेज टाकतोय. आणि घड्याळ फ्रीजवर. मला वाटलं पळून गेलास बाबा.” मिथुनने सांगितलं. आधी आत्याचं, मग पप्पांचं, आणि मग, कारण आता थांबायला जागाच नव्हती, पुढच्या वर्षीचं पण. फेब्रुवारीचं. चार वर्षं तो काय मोजत होता ते. शीतलची सुरी कधीच थांबली होती.

“म्हणजे मी नंतर एकटी पडेन,” ती हळूहळू म्हणाली, “म्हणून तू मला आधीपासून एकटी ठेवलंस?”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. मी समजत होते तुला मूल नकोय. मी समजत होते तुला मीच नकोय. आईला काय काय खोटं सांगितलं मी, तुला माहितेय?” तिचे डोळे कांद्याने आधीच लाल होते, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता. “आता तर कळलं ना? फोटो पप्पांचा, हार्टचं खोटं, वयाचं खोटं. मग आता कशाची भीती वाटते तुला? सांग.”

मिथुन सांगायला गेला. तोंड उघडलं आणि आत बघितलं तर तिथे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. नाव नव्हतं, तारीख नव्हती, चेहरा नव्हता. तरी ते होतं. “वाटते,” तो म्हणाला. “कशाची ते नाही माहीत. वाटते.”

शीतल त्याच्याकडे बघत राहिली, चष्म्याच्या दुकानात समोरचा माणूस खरं बोलतोय की अंदाजे अक्षरं वाचतोय ते बघतात तसं. मग तिने हात पुसले, जवळ आली आणि त्याच्या छातीवर डावीकडे कान ठेवला. तिच्या केसांना कांद्याचा आणि दुकानातल्या एसीचा वास येत होता. “गप्प,” ती म्हणाली, “ऐकू दे.” तिला नीट ऐकू यावं म्हणून मिथुनने श्वास धरला. आतल्या खोलीत पप्पांच्या पलंगाचा आवाज झाला, खाली पोरांचं बॅडमिंटनचं फूल कोणीतरी छपरावर मारलं म्हणून आरडाओरडा झाला. त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं, तिथे काय चाललंय ते ह्या घरात आता फक्त तिलाच कळत होतं. ती कान काढेल तेव्हा काय सांगेल, हे त्याला विचारायचं होतं. पण ती कान काढेल ह्याचीच त्याला इतकी भीती वाटली, की तो श्वास धरून तसाच उभा राहिला.